वाचनालयाचा काना

या प्रकरणातली पहिली चूक माझी नाही. ती नगर कार्यालयात खिडकी क्रमांक चारमागे बसणाऱ्या टंकलेखिका बाईंची आहे, आणि ती एवढीशीच आहे. एक काना. एक उभी रेघ. काडेपेटीतली काडीसुद्धा तिच्यापेक्षा जाड असते.

दुरुस्ती : वर ‘पहिली चूक माझी नाही’ असे म्हटले आहे, ते बरोबर आहे. मात्र दुसरी, तिसरी आणि त्यापुढच्या सर्व माझ्या आहेत, हे वाचकांनी त्याच वाक्याला जोडून वाचावे.

मी छत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. म्हणजे एकाने लिहिलेलं, दुसऱ्याने जुळवलेलं आणि तिसऱ्याच्या नावावर छापलं जाणारं मी वाचायचो आणि त्यातल्या चुकांभोवती तांबड्या पेन्सिलीने गोल काढायचो. नोकरीतून माणूस निवृत्त होतो, डोळे होत नाहीत. औषधाच्या बाटलीवर ‘हलवुन घ्या’ असं छापलेलं असलं की मला ते औषध लागू पडत नाही. एकदा समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ गेले. खालच्या फळ्यावर ‘दुखद निधन’ असं लिहिलं होतं. मी सांत्वनाला गेलो तो खडू घेऊन. विसर्गाचे दोन ठिपके दिले आणि मगच वर गेलो. तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमध्ये मला ‘शुद्धलेखन’ म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर ‘काका’ म्हणतात, पण कसं म्हणतात ते ऐकलं की कळतं.

तर मूळ काम इतकं लहान होतं की त्याला काम म्हणायचीही लाज वाटावी.

आमच्या तळमजल्यावर पंपाची एक जुनी खोली आहे. पंप मागच्या अंगणात हलवला, खोली रिकामी राहिली. माझ्या बायकोच्या मनात आलं की तिथे वाचनालय काढावं. मोठं काही नाही. चार खुर्च्या, एक टेबल, भिंतीला फळ्या आणि बिल्डिंगमधल्यांनी दिलेली पुस्तकं. ती तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. “आयुष्यभर लोकांना एकमेकांशी जोडून दिलं आणि स्वतः काचेच्या खोलीत बसले,” ती म्हणाली. “आता मला माणसांत बसून वाचायचंय.” एवढं एकच तिने आयुष्यात मागितलं.

दुरुस्ती : ‘एवढं एकच’ हे शब्द बायकोने वाचले आणि तिच्याकडे यादी आहे असे सांगितले. ‘त्या महिन्यात एवढं एकच’ असे वाचावे.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “वहिनी, माझी ना नाही. पण कागद पाहिजे. तीस तारखेपर्यंत नगर कार्यालयाची परवानगी आणा आणि किल्ली घेऊन जा. नाही आणलीत तर जिन्याखालची मोडकी कपाटं त्या खोलीत जातील. लोक ठेचकाळतायत.”

“आणि तुम्ही ती मग कधी बाहेर काढणार?”

“वहिनी, या बिल्डिंगमध्ये आत गेलेलं कपाट बाहेर आलेलं तुम्ही पाहिलंय कधी?”

बायकोने स्वतः अर्ज लिहिला, मला न दाखवता नेऊन दिला, आणि तीन तारखेला परवानगीचं पत्र हातात घेऊन घरी आली. आठ दिवसांत! नगर कार्यालयाच्या इतिहासात असं झालं नसेल. पायातल्या चपलाही न काढता तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “वाचा!”

तिने ‘बघा’ म्हणायला हवं होतं.

पत्र असं होतं : ‘आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरील खोलीत सार्वजनिक वचनालय चालविण्यास परवानगी देण्यात येत आहे.’ खाली सही, शिक्का, सगळं.

“एक काना राहिलाय,” मी म्हणालो.

बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला आनंद निघून गेला. “कुठे?”

“‘वाचनालय’ नाही, ‘वचनालय’ झालंय. वाचन नाही, वचन. म्हणजे तिथे बसून लोकांनी एकमेकांना शब्द द्यायचे.”

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्या वेळी आमच्याकडे बसला होता. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला कुठल्याच गोष्टीतलं फारसं माहीत नाही आणि त्याचं कुठेच काही अडत नाही.

“भाऊजी,” तो म्हणाला, “पेन घ्या, रेघ ओढा, चहा प्या.”

“सरकारी कागदावर आपल्या हाताने काना दिला तर ती दुरुस्ती होत नाही. तो फेरफार होतो.”

“मग नका देऊ. कोण वाचतंय?”

“वाचनालयाच्या परवानगीबद्दल तू ‘कोण वाचतंय’ असं विचारतोस?”

“अहो,” बायको म्हणाली, “तीस तारीख आहे हं. मला कागद मिळालाय. मला तो असाच आवडलाय.”

“उद्या सकाळी जातो आणि दुपारी दुरुस्त करून आणतो,” मी म्हणालो.

दुरुस्ती : ‘दुपारी’ याऐवजी ‘सव्वीस दिवसांनी’ असे वाचावे.

खिडकी क्रमांक चारपुढे नऊ माणसं होती. टंकलेखिका बाई आमच्या मुलीच्या वयाच्या असतील. त्यांची बोटं चालूच होती. माणसांशी बोलताना त्या फक्त मान वर करत, बोटं खाली आपलं काम करत राहत.

“बाई, यात एक काना राहिलाय.”

“वाचता येतंय ना?”

“येतंय. म्हणून तर आलो.”

“अर्थ कळतोय ना?”

“कळतोय, पण दुसराच.”

बाईंनी पत्र पाहिलं. मग मला पाहिलं. “काका, सही आहे, शिक्का आहे. खुशाल खोली उघडा. मी सांगते, घरी जा.”

इतका शहाणपणाचा सल्ला मला सरकारी खिडकीतून त्याआधी मिळाला नव्हता आणि नंतरही मिळाला नाही. पण मी घरी गेलो नाही. मी बाईंना ‘वाचन’ आणि ‘वचन’ यांतला फरक समजावून सांगितला. नंतर ‘आलय’ म्हणजे काय ते सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, “मास्तर, आमची शाळा कधी सुटायची?” मी वळून त्यांना सांगितलं की मी मास्तर नाही. त्यावर रांग हसली, त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

बाईंनी दुरुस्तीचा छापील अर्ज पुढे केला. “मूळ पत्र जोडावं लागेल. आणि काका, नीट ऐका, ते जोडलंत की आमच्या लेखी ते रद्द. नवीन निघेपर्यंत तुमच्या हातात काहीही नाही. जोडू?”

“जोडा,” मी म्हणालो. ‘जोडा’ला पायातलाही एक अर्थ आहे, हे मला घरी गेल्यावर आठवलं.

“पत्र कुठंय?” बायकोने विचारलं.

“दुरुस्तीला दिलंय.”

“म्हणजे मिळालेली परवानगी परत देऊन आलात?”

“परत नाही, दुरुस्तीला.”

“मी रेडिओ दुरुस्तीला घेतो तेव्हा पावती देतो,” मेहुणा म्हणाला. “पावती आणलीत?”

पावती आणली होती. तिच्यावर ‘पवती’ असं छापलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

इकडे बायकोने बिल्डिंगमध्ये पुस्तकं मागायला सुरुवात केली होती. खोलीची किल्ली नव्हती, त्यामुळे पुस्तकं आमच्याच दोन खोल्यांत येऊन पडत होती. पलंगाखाली, शिलाई मशीनवर, न्हाणीघरातल्या फळीवर साबणाशेजारी. एका डॉक्टरांनी हाडांच्या रोगांवरचे सात जाड ग्रंथ दिले. ते उचलताना माझी पाठ धरली, आणि पाठ धरली तर काय करावं ते चौथ्या खंडात आहे असं मेहुण्याने वाचून सांगितलं. दहा तारखेपर्यंत घरात चारशेबारा पुस्तकं आणि दोन माणसं झाली.

“भाऊजी, घरात ज्ञान जास्त झालंय,” मेहुणा म्हणाला.

“ज्ञान कधी जास्त होत नाही,” मी त्याला ठणकावून सांगितलं. “जागा कमी पडते.”

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते एका कागदावर लिहून ठेवलं. तो कागद नंतर चारशेबारापैकी कोणत्या पुस्तकात गेला ते कळलं नाही.

(येथे एक परिच्छेद होता. त्यात सेक्रेटरींबद्दल माझी मते होती. बायकोने काढायला लावला.)

दहा तारखेला नवीन पत्र आलं. काना आला होता. अगदी ठसठशीत आला होता. फक्त ज्याला द्यायचा त्या अक्षरालाच कुठल्या कुठे पाठवलं होतं : ‘सार्वजनिक याचनालय चालविण्यास परवानगी देण्यात येत आहे.’ आणि खाली बारीक अक्षरांत : ‘प्रत : समाजकल्याण विभाग, माहिती व तपासणीसाठी.’

वाचना आणि याचना. ‘व’ आणि ‘य’. छापखान्यात या दोघांनी माझे केस पांढरे केले, आणि आता उरलेले काढायला आले होते. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीवर जाऊन दुरुस्ती मागणारच होतो, पण समाजकल्याण विभाग माझ्यापेक्षा चपळ निघाला. बारा तारखेला एक बाई वही घेऊन दारात.

“याचनालय इथेच ना? सध्या याचक किती आहेत?”

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्यावरून मेहुण्याचा आवाज आला. ताईला मदत म्हणून तो घरोघर पुस्तकं गोळा करत होता. फाटकी बनियन, खांद्याला झोळी, आणि वरच्या मजल्यावरच्या बंद दारापुढे उभं राहून, “काही असेल तर द्या हो, जुनं-फाटकं कसलंही चालेल!”

बाईंनी वहीत लिहिलं. ते मी उलट्या बाजूनेही वाचू शकलो. छत्तीस वर्षांची सवय आहे. ‘प्रत्यक्ष पाहणीत एक याचक आढळला. प्रकृती उत्तम. खायला-प्यायला व्यवस्थित मिळत असावे.’

“हा माझा भाऊ आहे!” बायको म्हणाली.

‘कुटुंबाने टाकलेला नाही,’ बाईंनी पुढे लिहिलं.

त्या संध्याकाळी जिन्याखालची कपाटं जिन्यासमोर आलेली दिसली. सेक्रेटरी म्हणाले, नुसती झटकायला काढलीत.

आता इथे मी एक साधी गोष्ट करायला हवी होती. एका ओळीचा अर्ज : ‘कृपया ‘य’ऐवजी ‘व’ करावा.’ पण मनात आलं, एकदा नीट समजावून सांगितलं की पुन्हा चूक होणार नाही. मी चार पानी टिपण लिहिलं. वाच् धातू, याच् धातू, दोघांची घराणी, दोघांची मुलंबाळं, ‘याचिका’ ही कुठल्या बाजूची आणि ‘वाचाळ’ हा कुठल्या, आणि शेवटी तळटिपा. वाचून मला स्वतःलाच भरून आलं. पत्रासकट ते मी खिडकीवर दिलं. बाईंनी पानं मोजली आणि म्हणाल्या, “काका, हे मी वर पाठवू नये असं मला वाटतं.”

“का? चुकलंय का काही?”

“चुकलेलं नाही हो. म्हणूनच.”

पण मी आग्रह धरला आणि टिपण वर गेलं. वर एक साहेब होते. त्यांनी पहिलं पान वाचलं, चौथं पाहिलं, आणि ज्यातलं आपल्याला कळत नाही ते ज्या खात्याला कळतं तिकडे पाठवावं या नियमाने सगळं भाषा विभागाकडे पाठवलं. भाषा विभागाने सात दिवस विचार केला. वीस तारखेला अभिप्राय आला. तो मी इथे पूर्ण देतो, कारण तो पूर्ण एवढाच आहे :

‘वाचनालय व याचनालय हे दोन्ही शब्द शुद्ध आहेत.’

म्हणजे चूक नव्हतीच. म्हणजे दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता. यावर मी काय बोलणार? शब्द शुद्ध होताच! मला त्या अभिप्रायात एक जरी वेलांटी चुकलेली सापडली असती तरी मी तगलो असतो. सापडली नाही.

त्या दिवसापासून बायको मला ‘आपण’ म्हणायला लागली. “आपण जेवणार का?” “आपला चष्मा पुस्तकांखाली आहे.” सदतीस वर्षांच्या संसारात तिने मला पुष्कळ काही म्हटलं होतं, पण इतकं लागेल असं नाही.

एकवीस तारखेला मी टंकलेखनावरचा विश्वास सोडून, पांढऱ्याशुभ्र कागदावर, शाईने, स्वतःच्या हाताने नवा अर्ज लिहिला. ‘आम्हांस वाचनालय चालवायचे आहे, याचनालय नव्हे.’ बाईंना म्हणालो, “मी काढलंय तसंच्या तसं टाइप करा. स्वतःचं काही घालू नका.” त्या जरा दुखावल्या. म्हणाल्या, “तसंच्या तसं करते.”

चोवीस तारखेला आलं : ‘सार्वजनिक पाचनालय.’

मी अक्षरशः धावत गेलो. बाईंनी शांतपणे माझाच अर्ज काढला आणि माझ्याच अक्षरावर बोट ठेवलं. “हा काय आहे, काका?”

“व.”

“नीट बघा.”

मी बघितलं. छत्तीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं पाहिली, आपलं कधी पाहिलंच नव्हतं. माझा ‘व’ वरून उघडा राहत होता. प्रत्येक ठिकाणी. सुबक, ठळक, निर्दोष ‘प’. मी लग्नाआधी बायकोला पत्रं लिहिली होती, त्यांत मी ‘वाट पाहतो’ असं पुष्कळदा लिहिलं होतं. तिला त्या काळी नेमकं काय वाटलं असेल, हे विचारायची ती वेळ नव्हती.

सव्वीस तारखेला आरोग्य विभागाचे एक गृहस्थ टेप घेऊन खोली मोजायला आले. बंद दाराचीच लांबी-रुंदी घेतली. “एका वेळी किती जणांचं पचन होणार?” त्यांनी विचारलं.

“इथे पुस्तकं असणार आहेत हो,” बायको म्हणाली.

“ती बाजूला ठेवा. सांडपाण्याची सोय कुठे आहे?”

ते गेले तेव्हा दोन कपाटं खोलीच्या दारापाशी येऊन उभी होती. सेक्रेटरी किल्ल्यांचा जुडगा वाजवत म्हणाले, “काका, शुद्धच झालं पाहिजे हं. घाई करू नका. चार दिवस आहेत.”

एकोणतीस तारखेला साहेबांनी सुनावणीला बोलावलं. बायकोही आली. टेबलावर आमची फाइल होती. तीन आठवड्यांपूर्वी ती एका कागदाची होती. आता तिला दोरी बांधावी लागली होती.

“तुम्हीच का ते काना?” साहेब म्हणाले.

“मी अर्जदाराचा नवरा.”

“वचनालय, याचनालय, पाचनालय,” साहेब पानं उलटत म्हणाले, जणू एकेक मूल हरवलेलं सापडत होतं. “समाजकल्याण म्हणतं, एक याचक आहे, त्याला हलवू नये. आरोग्य म्हणतं, निचरा नाही. भाषा म्हणतं, सगळं शुद्ध. इतक्या खात्यांचे शेरे पडले की प्रकरण वादग्रस्त होतं. वादग्रस्त प्रकरणाला आम्ही फक्त अस्थायी परवानगी देतो.”

“अस्थायी म्हणजे?” बायकोने विचारलं.

“तात्पुरती. दर तीन महिन्यांनी नवा अर्ज, नवी तपासणी, सगळ्या खात्यांची.”

“आणि पहिल्या पत्रात होती ती?”

“ती कायमची होती,” साहेब म्हणाले. “ती यांनी परत केली.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात एक विचित्र गोष्ट घडली. कोपऱ्यात टंकलेखिका बाई मजकूर उतरवून घ्यायला बसल्या होत्या, त्यांची बोटं थांबली. महिनाभरात पहिल्यांदाच.

“साहेब, दर तीन महिन्यांनी? म्हणजे हे काका दर तीन महिन्यांनी येणार?”

“अर्जदाराला यावंच लागेल.”

“माझ्या खिडकीवर?”

“चार नंबरलाच. लिहा : ‘अस्थायी स्वरूपाची परवानगी.’ उद्या दुपारी सहीला आणा.”

घरी आल्यावर बायकोने हाडांच्या रोगांचा तिसरा खंड उचलला, खाली ठेवला, आणि बोलली. “एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांचं बोलणं माझ्या कानांवर पडत होतं. कोण कुणाशी खोटं बोलतंय, कोण घरी आहे आणि नाही म्हणून सांगतंय, सगळं कळायचं. मी मध्ये तोंड घालून एकेकाला दुरुस्त करत बसले असते ना, तर या गावात एक संसार टिकला नसता. तुम्हाला एक काना गिळता येईना?”

रागाच्या भरात ती ‘आपण’ विसरली होती, तेवढंच मला बरं वाटलं.

मेहुणा बनियनीला रफू करत बसला होता. समाजकल्याणच्या अहवालानंतर त्याने कपड्यांकडे लक्ष द्यायला सुरुवात केली होती. “भाऊजी, रेडिओ जोडून झाल्यावर कधी कधी एक स्क्रू जास्त उरतो. मला कळतं की तो कुठलातरी आहे. मी काय करतो? खिशात टाकतो. रेडिओ वाजतो.”

“आणि तो स्क्रू?”

“तो खिशात वाजतो. पण तेवढं ऐकू येतं फक्त मला.”

मी त्याला उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतं म्हणून नव्हे. होती, तीन होती, त्यांतलं एक तळटिपेसकट होतं. पण त्या संध्याकाळी मला प्रथमच शंका आली की ज्ञान जास्त होऊ शकतं. निदान एका माणसात, एका वेळी, खिडकीसमोर.

तीस तारखेला बायको म्हणाली, “मी येते. तुम्ही नुसते सोबत राहा. हात खिशात.”

चार वाजता आम्ही खिडकीपुढे उभे होतो. पाचला सेक्रेटरी कपाटं आत ढकलणार होते. रांगेतली माणसं आता मला ओळखत होती; त्यांनी आपणहून वाट दिली, काहींनी तर नीट दिसावं म्हणून मागे सरकून अर्धगोल केला. बाईंनी पत्र दोन्ही हातांनी बायकोकडे दिलं. बायकोने ते वाचलं. सावकाश वाचलं. मग तिने ते माझ्यापुढे धरलं.

“बघून घ्या,” ती म्हणाली. “एकदाच.”

मी आधी तो शब्द पाहिला. व, काना. च. न, काना. ल. य. सगळी मंडळी हजर. ‘सार्वजनिक वाचनालय.’ ‘चालविण्यास’मधली वेलांटी ह्रस्व, हवी तशी. मी पुढे सरकलो, आणि थांबलो.

‘...चालविण्यास स्थायी स्वरूपाची परवानगी देण्यात येत आहे.’

‘अ’ नव्हता.

छापखान्यात आम्ही ‘अ’ला फार जपायचो. काना गेला तर शब्द लंगडतो, पण पुढचा ‘अ’ गेला तर तो तोंड फिरवून उलट्या दिशेला चालायला लागतो. अशक्यचं शक्य होतं, अमान्यचं मान्य. आणि तीन महिन्यांचं कायमचं होतं. खाली साहेबांची सही होती, शिक्का होता, शाई वाळलेली होती. माझा हात खिशातच होता, पण त्याच खिशात तांबडी पेन्सिल होती. बोटं तिच्याभोवती आपोआप मिटली. तोंड उघडलं. मला ते उघडल्याचं कळलंसुद्धा.

“नीट वाचा, काका,” खिडकीतून बाई म्हणाल्या. त्या सरळ माझ्या डोळ्यांत पाहत होत्या आणि त्यांची बोटं मांडीवर स्वस्थ होती. “आज मी एकेक अक्षर बघून टाइप केलंय. जे आहे ते बघून घातलंय. जे नाही, तेही बघूनच.”

छत्तीस वर्षांत मी हजारो चुका पाहिल्या. झोपेतल्या, घाईतल्या, अडाणीपणाच्या, आळसाच्या. माणसाला माहीत नसतं म्हणून चुका होतात, अशी माझी पक्की समजूत होती. सगळं माहीत असलेल्या माणसाने, पूर्ण शुद्धीत, विचार करून केलेली चूक मी पहिल्यांदाच पाहत होतो. ती इतकी नेमकी होती की तिच्याभोवती गोल काढायला मला जागा सापडेना.

साहेब मागून चालले होते. मला पाहून ते जागच्या जागी थबकले. “काय? आज काय राहिलं?”

बायको भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती.

“काही नाही, साहेब,” मी म्हणालो. “शुद्ध आहे.”

साहेबांनी कपाळ पुसलं. बाईंनी मान खाली घातली आणि त्यांची बोटं पुन्हा चालू झाली. मागून एक जण हळूच म्हणाला, “सुटली बुवा शाळा.”

जिना उतरताना बायकोने पत्राची घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं, पर्स बंद केली, पुन्हा उघडली, पत्र आहे का पाहिलं आणि पुन्हा बंद केली.

“अहो, ‘स्थायी’मधला ‘स्था’ बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे.”

“आणि ‘यी’ दीर्घ?”

“दीर्घ.”

“मग झालं. त्याच्या आधी काही नसतंच,” ती म्हणाली, आणि दोन-दोन पायऱ्या उतरायला लागली.